श्रीगोंद्याचा पांढरा बोळा

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा फराळ तळून झालेला असेल, आणि कढईतल्या उरलेल्या तेलाचं काय करायचं या विचारात घरातलं कुणीतरी सिंकपाशी उभं असेल. ते सिंकमध्ये ओतू नका. ओतलंत, तर दिवाळी संपता संपता आपली भेट होईल. आमच्या धंद्यातली दिवाळी अशीच जरा उशिरा येते.

मी आणि माझे यजमान विलास, आम्ही तुंबलेले पाइप मोकळे करतो. राहतो सावेडीत आणि हिंडतो जिल्हाभर. आमच्याकडे एक छोटा टेम्पो आहे. त्यात पाण्याची टाकी, जेटिंगचं मशीन, स्प्रिंगचे वेढे आणि बांबूच्या कामट्या असतात. स्प्रिंग म्हणजे लोखंडी तारेची लांबलचक गुंडाळी. ती पाइपात सरकवून फिरवायची, म्हणजे वाटेत जे असेल ते एक तर फुटतं नाहीतर तारेला अडकून बाहेर येतं. जेट म्हणजे पाण्याचा जोराचा मारा. त्याच्या तोंडाची भोकं मागच्या बाजूला असतात, त्यामुळे नळी पाण्याच्या जोरावर आपली आपण पाइपात पुढे शिरते. पहिल्यांदा बघणाऱ्याला नळीला जीव आल्यासारखं वाटतं. मला अजूनही वाटतं.

आमची कामाची वाटणी सरळ आहे. विलास पाइप बघतात आणि मी माणसं. सुरुवातीला मी फक्त फोन घ्यायची. एकदा मदतनीस आला नाही म्हणून टेम्पोत बसून गेले, तर त्या घरच्या बाईंनी विलासना सकाळभर जे सांगितलं नव्हतं ते मला ओट्यापाशी दोन वाक्यांत सांगून टाकलं. संडासात, मोरीत, सिंकमध्ये काय गेलं हे परक्या पुरुषाला सांगायला कुणाला आवडत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक कामाला जाते.

मला सगळं क्रमाने लागतं. फोन आला की माझे प्रश्न ठरलेले असतात. कुठलं पाणी तुंबतंय, सिंकचं, मोरीचं की संडासाचं? एकाच ठिकाणी की सगळीकडे? आधी कुणी येऊन गेलं का, आणि त्यांनी आतून काय काढलं? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा: घरात अलीकडे नवीन काय झालं? बाळ, पाहुणे, भाडेकरू, धुण्याचं मशीन, लग्न? पाइप वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने चालतो आणि एक दिवस रुसतो, तेव्हा त्याला कारण असतं. लोक खोटं बोलत नाहीत. फक्त एखादी गोष्ट सांगायची राहते.

सावेडीतल्याच एका बंगल्यात अशी एक गोष्ट राहिली होती. मोरी तुंबलेली. घरचे गृहस्थ शपथेवर सांगत होते, "काहीही टाकलेलं नाही हो. आम्ही फार काळजी घेतो." विलासनी स्प्रिंग ओढली तर तिच्यावर राखाडी, मऊसूत माती. कुंभाराच्या चाकावर ठेवावी अशी.

मी विचारलं, "तुमचा गणपती केवढा होता?"

गृहस्थांनी बायकोकडे बघितलं. "शाडूचा होता. घरीच बादलीत विसर्जन केलं. नदी खराब नको व्हायला."

"आणि बादलीतलं पाणी?"

"मी सांगितलं होतं, कुंड्यांत ओता," बाई म्हणाल्या.

"निम्मं कुंड्यांतच ओतलं ना!"

"आणि निम्मा बाप्पा मोरीत."

मग त्यांनी आतून घासलेलं पातेलं आणलं, आमच्या घमेल्यातली माती त्यात काढून घेतली, वर हळदकुंकू वाहिलं आणि तुळशीपाशी नेऊन ठेवली. आमच्या घमेल्यातली घाण कुणी नमस्कार करून नेल्याचा तो एकच प्रसंग.

दुसरा किस्सा अकोल्याकडचा, पार भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा. एका शेतकऱ्याने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. संडासातलं पाणी घुळघुळ करायचं आणि जाता जात नव्हतं. विलासनी पाइप दोन्ही बाजूंनी तपासला, आरशासारखा स्वच्छ. मी अंगणात उभी राहून वर बघितलं. संडासाच्या पाइपातून एक नळी भिंतीला धरून छपराच्या वर जाते, ती हवेसाठी असते. तिच्या तोंडावर प्लास्टिकची बाटली उलटी ठोकून बसवलेली.

"ती का लावलीत?"

"पाऊस आत जातो ना, ताई. आमच्याकडचा पाऊस तुमाला म्हाईत न्हाई."

भरलेली बाटली उलटी केली की पाणी कसं घळघळ अडखळत पडतं, तसं होत होतं. खाली जाणाऱ्या पाण्याच्या मागून हवा यायला वाट नव्हती. बाटली काढली आणि पाणी एका दमात गेलं. त्या माणसाने पुन्हा पाणी ओतलं. मग बायकोला बोलावून पुन्हा ओतलं. "इतके दिवस हवा अडली हुती व्हय!" त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून विलास म्हणाले, याच्याकडून कामाचे नाही, खेळाचे पैसे घ्यायला हवेत.

किस्से सांगताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. आम्ही चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवत नाही. नळी आत जाते, माणूस जात नाही. कायदा तेच सांगतो आणि आमचं मनही. पण हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलं गेलं आणि त्यांनी ते उघड्या हातांनी केलं. विलासना कामटी धरायला ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं, ते जमिनीवर काठी आपटून खालचा पाइप कुठे भरलाय ते सांगायचे. त्यांना जन्मभर कुणी हातमोजे दिले नाहीत. आम्ही दुकानातून घेतले आणि घातले. मोजे आले, मशीन आलं. चहा मात्र काही घरांत अजून कागदी कपातच येतो, आणि घरातली माणसं तेव्हा कपबशीत पीत असतात. मी काही बोलत नाही. बघून ठेवते.

आता श्रीगोंद्याचं काम.

उन्हाळ्याचे दिवस. फोनवर बाईचा आवाज, मागे एसटीची घरघर आणि कुणाचं तरी रडकं पोर. "ओ बाबा, पुढं सरका, पुढं लई जागा हाय," असं कुणाला तरी सांगून ती मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडं बाईमाणूस येतं म्हणत्यात. खरं हाय का?"

"मीच येते."

"मग या. पाइप मालकिणीचा हाय, पर नाव माझ्या पोरीचं निघतंय."

तिचं नाव रेखा. मूळची पाथर्डीकडची. आईबापांनी ऊसतोडीला जाऊन वाढवलेली पोर, आता एसटीत कंडक्टर. नवरा नाही. अकरावी झालेली मुलगी कोमल आणि ती, श्रीगोंद्यात एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होत्या. मी माझे प्रश्न सुरू केले. तुंबायचं ते फक्त त्यांचं, संडास आणि मोरी दोन्ही. मालकिणीचं कधीच नाही. आधी प्लंबर येऊन गेले होते. प्रत्येक वेळी पाणी जायला लागायचं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा वर यायचं.

"आतून काय काढलं त्यांनी?"

 तिने आवाज खाली आणला. "पांढरं. गिळगिळीत. प्लंबर म्हणला, पॅड हायेत, फुगल्यात. मालकिणीनं साऱ्या आळीला सांगितलं, हिची पोरगी संडासात टाकती म्हणून. पोरगी मान वर करून चालंना आता. आन जून लागायच्या आत खोली सोडा म्हणत्यात. बारावीचं वर्स हाय, ताई. आमा दोघी बायांना खोली देतंय कोन?"

"घरात अलीकडे नवीन काय झालं?"

"आमीच नवीन," रेखा म्हणाली. "आमी र्‍हायला आलो आन तुंबाय लागलं. ते काय काकूंचं खोटं न्हाई."

घर जुनं होतं पण नीट राखलेलं. दगडी जोतं, शहाबादी फरशी, पुढे अंगण आणि मागे परस. वर गच्चीवर पांढऱ्या धोतरांवर ओळीने कुरडया वाळत होत्या. मालकीण सुमनकाकू दारातच उभ्या होत्या. साठीच्या, अंगाने भरलेल्या, कोपरापर्यंत हात पिठाचे. त्यांच्या कुरडयांना पुण्याहून मागणी असते हे आम्हाला टेम्पो लावेपर्यंत समोरच्या ओट्यावरच्या सरूबाईंनी सांगून टाकलं होतं. सरूबाई गहू निवडत होत्या आणि आमच्यावरची नजर काढत नव्हत्या.

"बाई आलीय व्हय? बरं झालं," सुमनकाकू म्हणाल्या. "बाईचं बाईला सांगता येतं." मग अर्धं माझ्याकडे आणि अर्धं सरूबाईंकडे बघत, "कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकावं माणसानं. तर ह्यांचं भलतंच! घर आमचं जुनं, पाइप चिनी मातीचं. मधल्या खोलीच्या फरशीखालनं जात्यात. आता फरशी उखडा म्हणतोय प्लंबर. कुणापायी?"

"तुमचं स्वतःचं कधी तुंबलं नाही?"

"कवाच न्हाई. मग दोष कुनाचा, तुमीच सांगा."

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण आमच्या धंद्यातली पहिली शिकवण अशी की पाणी जिथे वर येतं तिथे फक्त सगळ्यात खालचं तोंड असतं. अडलेलं पाणी सखल जागा शोधून बाहेर पडतं. ते कुणाच्या दारात, याचा ते कुणी अडवलं याच्याशी संबंध नसतो. काकूंचा संडास आणि मोरी घराच्या पुढच्या अंगाला होती आणि थेट रस्त्याकडच्या चेंबरला जोडलेली होती. मागची ओळ वेगळी. परसातली मोरी, रेखाची मोरी आणि संडास, हे सगळं मागच्या चेंबरला यायचं आणि तिथून मधल्या खोलीखालून पुढे जायचं.

विलास चेंबरचं झाकण उघडायला गेले आणि मी रेखाच्या खोलीत. रेखा ड्युटीवर होती. कोमल पलंगाच्या कडेला बसली होती. खोली लांबट, छप्पर ठेंगणं, फरशी नवी पण भिंती जुन्या. एका भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर जाड लोखंडी कडी होती आणि तिला कोमलचं कॉलेजचं दप्तर टांगलेलं होतं.

मी दार लोटलं आणि सरळ विचारलं. तिनेही सरळ उत्तर दिलं. "नाही मावशी. डबा आहे त्यासाठी. गाडी येते तेव्हा मीच टाकते." मग, "आता तर मी इथलं संडास वापरतच नाही. सकाळी आईबरोबर डेपोत जाते. तिथलं वापरते."

"आणि दिवसभर?"

 पाण्याचा तांब्या भरलेला होता. ती दिवसभर पाणीच पीत नसावी, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

बाहेर विलास कोड्यात पडले होते. स्प्रिंग मधल्या खोलीखाली गेली, काही तरी मऊ लागलं, त्यातून आरपार गेली आणि परत ओढली तर धुतल्यासारखी वर आली. हे नवीन होतं. तेलकट मळ असता तर तारेला चिकटला असता. झाडाची मुळं असती तर तिने ओढ दिली असती. "आणि पॅड असेल तर त्याची जाळी तारेत गुंततेच," विलास म्हणाले. "स्प्रिंग पॅड सोडत नाही. हे काय आहे ते मला कळत नाही, पण ते नाही."

"मग आदीचा प्लंबर खोटा व्हय?" काकूंनी विचारलं.

विलासनी पुढच्या चेंबरकडून थोडा जेट मारला आणि एक गोळा बाहेर आला. घमेल्यात पडला आणि थरथरला. पांढुरका, अर्धवट पारदर्शक, मध्ये मध्ये तपकिरी ठिपके.

"हे बघा!" काकू ओरडल्या. "जेल हाय जेल. टीव्हीवर दावत्यात त्यातलं!"

मी वाकून वास घेतला. आमच्या कामात नाक हे पहिलं हत्यार. गटाराचा वास होताच, पण त्याच्या खाली दुसरा एक होता, आंबूस, ओळखीचा आणि किळस न येणारा. कुठे घेतलाय हा वास, ते आठवेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मावशी, ह्याच्यावर आयोडीन टाकून बघायचं का?"

कोमल उंबऱ्यात उभी होती. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच बाहेर. "म्हणजे जखमेवर लावायचं तांबडं औषध. आईच्या पेटीत आहे. स्टार्च असेल तर निळं होतं. पिठातलं सत्त्व असतं ते."

तिने बाटली आणली. आधी तुलनेला भाताची दोन शितं ठेवली, त्यांवर थेंब टाकला. शितं निळीकाळी झाली. मग विलासनी गोळ्याचा एक तुकडा पाण्याने धुऊन तिच्यासमोर धरला. तिने थेंब टाकला, आणि तो तांबडा थेंब आमच्या डोळ्यांदेखत शाईसारखा झाला.

"अरे!" विलास म्हणाले. "पुन्हा टाक."

तिने पुन्हा टाकला. पुन्हा शाई. इतकी वर्षं पाइप उघडतोय, पण आतल्या घाणीला असं बोलतं करता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"निळं झालं म्हंजी काय झालं?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे हे पॅड नाही. भात, पीठ, असलं काहीतरी आहे," कोमल म्हणाली.

"मग भात कोन खातं? तुमीच मायलेकी. आमच्यात भाकरी असती. पेज कुठं ओतता तुमी?"

कोमलचा चेहरा पडला. काकूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या थेंबाने एक आरोप पुसला होता आणि दुसरा उघडा ठेवला होता. ती मागे सरकून पुन्हा दाराआड गेली.

मी तुकडा बोटांत चुरला. ते तपकिरी ठिपके कोंड्याचे होते. भाताला असला कोंडा नसतो. मग मला ती भिंतीतली कडी आठवली. दप्तर अडकवायला कुणी इतकी जाड कडी भिंतीत पुरत नाही.

"काकू, ती मागची खोली आधी काय होती?"

"गोठा हुता. गाय हुती आमची. चंद्री."

"कुठे गेली?"

"विकली. माझं गुडघं गेलं, धार काढाय बसवंना. मालक म्हणलं, किती दिस रेटशील. मग गोठ्याची खोली केली, संडास काढला आन हिला भाड्यानं दिली." काकूंचा आवाज बदलला होता. "लई गुनाची गाय. फक्त खादाड. समोर ठिवाल ते फस्त. उन्हाळ्यात तर माझ्याकडं डोळं लावून बसायची. कुरड्याचं पानी..."

काकू मध्येच थांबल्या.

कुरडई घरी करतात त्यांना माहीत आहे. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून चीक खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी हळूच ओतून टाकायचं. कितीही हळू ओतलं तरी त्या पाण्याबरोबर थोडा चीक जातो, थोडा कोंडाही जातो. आंबूस वास तोच. काकूंचं काम घरच्यापुरतं नव्हतं, पिंपांनी चालायचं. इतकी वर्षं ते सगळं पाणी चंद्री प्यायची. ती गेली, आणि ते परसातल्या मोरीत जायला लागलं.

काकू हळूच खाली बसल्या. मी हातमोजा पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. घमेल्यातला गोळा उघड्या बोटांवर घेतला आणि अंगठ्याने दाबून बघितला, जसं पातेल्यातला चीक उतरवायच्या आधी बघतात तसं. दोनदा बघितलं.

"चीकच हाय," त्या म्हणाल्या. "शिजलाय बी चांगला." मग आमच्याकडे बघून, खरंच नवल वाटल्यासारखं, "पर ह्याला शिजवला कुनी?"

विलासनी परसाकडे बोट केलं. मोरीपाशीच तांब्याचा बंब होता, खालच्या जाळीत निखारे अजून लाल. "काकू, मागचं पाणी तुंबलं की तुम्ही इथे काय करता?"

"काय म्हंजी? कडकडीत पानी वतते. बादलीभर. ऐतवारी तर न तुंबता बी वतते, नळी साफ र्‍हावी म्हनून." एवढं बोलून त्यांनी पिठाचा हात तोंडावर ठेवला.

गरम पाणी हा घराघरातला उपाय आहे आणि तेल-तुपाला तो लागूही पडतो. पण चिकावर कढत पाणी ओतणं म्हणजे चीक शिजवणं. जुना मातीचा पाइप मधल्या खोलीखाली थोडा खचून खोलगट झाला होता. चीक तिथे बसायचा आणि वरून बंबाचं पाणी त्याला शिजवायचं. स्प्रिंग त्यातून जायची तेव्हा भोक पडायचं, पाणी वाहायचं, प्लंबर घरी जायचा आणि नवा चीक येऊन ते भोक बुजायचं. पाणी वर यायचं ते सगळ्यात खालच्या तोंडातून, कोमलच्या संडासातून.

रेखाने सांगितलेलं खरंच होतं. त्या आल्या आणि तुंबायला लागलं. त्या आल्या कारण गाय गेली होती, आणि मी फोनवर फक्त काय आलं तेवढंच विचारत होते. तेव्हापासून माझ्या प्रश्नांत एक वाढला आहे: घरातून अलीकडे काय गेलं? लोकांना तो विचित्र वाटतो. पण थांबून विचार करतात आणि उत्तर देतात. कोणाचं कुत्रं गेलेलं असतं, कोणाच्या सासूबाई.

मग खरं काम. ऊन वर आलं होतं. बंब विझवला, कारण आता गरम पाण्याचा थेंबही नको होता. विलासनी पुढच्या चेंबरमधून थंड पाण्याचा जेट आत सोडला, थोडं पुढे, थोडं मागे, घाई न करता. गोळे यायला लागले. मी ते घमेल्यात ओढून घेत होते. काकू घमेली उचलून परसातल्या खड्ड्यात रिकामी करत होत्या. मी नको म्हणत होते आणि त्या ऐकत नव्हत्या.

"काकू, पुण्याची ऑर्डर ह्यातच भागेल की," विलास म्हणाले.

"भाऊ, तोंड मिटा आन पानी मारा."

दुपारी रेखा आली. खाकी कपडे, खांद्याला तिकिटाचं मशीन. चेंबरपाशी चिखलात बसलेल्या मालकिणीला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. मी तिला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. ती काकूंपाशी गेली. तिकिटाचं मशीन पाठीमागे सारून एवढंच म्हणाली, "मग काकू, खोलीचं?"

"खोलीला काय झालंय?" काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुंबलं हुतं ते पाइपात. निघालं."

रेखा घमेलं उचलायला वाकली.

प्रत्येक कामाच्या शेवटी आम्ही एक चाचणी करतो. एकाने वरच्या टोकाला पाणी सोडायचं आणि एकाने खालच्या चेंबरपाशी उभं राहून ते कसं येतं ते बघायचं. धार सरळ, एकसारखी आली तर पाइप मोकळा. बघायला मी उभी राहते. पण मी निघाले तर काकूंनी मला हाताने थांबवलं. "तुमी र्‍हावा. मी बघते."

पुढचं चेंबर रस्त्याला लागून, सरूबाईंच्या ओट्यासमोर. सरूबाईंचे गहू केव्हाच निवडून झाले होते, सूप मात्र मांडीवरच होतं.

"निघालं का गं पॅड?" त्यांनी विचारलं.

काकू कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "पॅड न्हाई गं सरू! माझाच चीक निघाला! माझ्या कुरड्याचा! पोरीनं कायबी टाकलं न्हवतं. ऐकलं का? आदी म्या साऱ्या आळीला सांगितलं हुतं ना, आता तू सांग. न्हाईतर मी हायेच सांगाय!"

सरूबाईंचं सूप हललं नाही. पलीकडच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. काकूंनी घराकडे तोंड केलं आणि तोच आवाज लावला, "कोमल, सोड गं पानी!"

आतून काहीच आलं नाही. विलासनी मशीन बंद केलं. रेखा हातातलं घमेलं तसंच धरून उभी होती. मला वाटलं, मुलगी आत रडत असेल, किंवा दार लावून बसली असेल. काकू चेंबरवर वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, त्या काळ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

मग घराच्या पोटातून आवाज आला आणि पाणी आलं. स्वच्छ, भरून, न अडखळता. त्याच्या मागोमाग मागच्या खोलीतून, आधी जरा दबकत आणि मग खणखणीत, कोमलची हाक आली.

"आलं का, आजी?"